पद्मिनीचा डॅश न कापता बसवलेला स्टिरिओ

जुन्या गाडीत नवा स्टिरिओ टाकायचा म्हटलं की आपल्याकडे आधी ग्राइंडरच बाहेर निघतो. अमळनेरात विचारा, धुळ्यात विचारा, नाहीतर जळगावला अजिंठा चौफुलीवर जाऊन विचारा, उत्तर एकच, "काही नाही भाऊ, इथून एवढं कापू, पट्टी मारू, सेट बसवून देऊ, अर्ध्या तासाचं काम." आणि त्यांचंही काही चुकत नाही म्हणा, सिंगल डिन (गाडीच्या स्टिरिओचं ठरलेलं माप) सेटचं तोंड १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच, ते बसायला तेवढं भोक लागतंच, आणि जुन्या फियाटच्या डॅशला तेवढं भोक कुठून असणार. पण पद्मिनीचा डॅश पत्र्याचा आहे. प्लास्टिकचा असता तर दुसरा आणून लावला असता, हा पत्रा एकदा कापला की कापला, आणि भंगारात जे डॅश मिळतात ते आधीच कोणीतरी कापलेले असतात. त्यामुळे माझं सुरुवातीपासून ठरलेलं होतं, सेट कोणताही येवो, आवाज कसाही येवो, पत्र्याला ब्लेड लागणार नाही.

ही २०१९ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. गाडी आप्पांची म्हणजे वडिलांची, १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, त्यांनी सेकंडहँड घेतलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही तीच कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ११००, १९७४ पासून पद्मिनी नावाने विकली गेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या खाली, मुंबईची काळीपिवळी म्हणून सगळ्यांनी पाहिलेली (ती शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा पेपरात फोटो आले, इकडे आमच्याकडे ती रोज दूध आणायला जाते). आधीच्या मालकाने तिच्यात रेडिओ बसवलेला होता, दोन खुंट्यांचा, म्हणजे डावीकडे आवाजाचं बटण, उजवीकडे स्टेशनचं आणि मधे आडवी काच. त्या काळी रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागायचं, गाडीतल्यालासुद्धा, ते प्रकरण १९८० च्या दशकात बंद झालं. आमचा रेडिओ मात्र कधीचाच मुका झालेला होता. नुसती मीडियम वेव्ह, एकच स्पीकर, आणि त्या स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्लेला.

पण या मेलेल्या रेडिओनेच मला वाचवलं. तो बसवताना डॅशला दोन गोल भोकं आणि मधे एक चौकोनी खिडकी आधीच पडलेली होती. म्हणजे मला सेट असा पाहिजे होता जो त्याच तीन भोकांतून बाहेर येईल, बघणाऱ्याला वाटेल कंपनीतूनच आला, आणि आत ब्लूटूथ, यूएसबी सगळं असेल.

असे सेट निघतात. मोठ्या लोकांच्या गाड्यांना तर कंपनीच करून देते, पोर्शेने २०२० मध्ये जुन्या ९११ साठी टचस्क्रीन, नॅव्हिगेशनवाला सेट काढला, तोही जुन्या रेडिओच्या जागेत बसणारा. ब्लाऊपुंक्टने आपल्याच जुन्या ब्रेमेन मॉडेलच्या तोंडवळ्याचा नवा काढला. पद्मिनीसाठी अर्थातच कोणी काही काढणार नव्हतं. ऑनलाइन दोन बटणांचे 'रेट्रो' म्हणून चायनीज सेट खूप दिसतात, दिसायला गोड, पण नीट बघा, ते तोंडाने सिंगल डिनच असतात, बटणं नुसती शोभेला चिकटवलेली, म्हणजे परत ग्राइंडर. खरा दोन शाफ्टचा, म्हणजे दोन खुंट्यांचा, पाहिजे असेल तर शाफ्ट पुढेमागे, आतबाहेर सरकवता येणारा ब्रॅकेटवाला सेट शोधावा लागतो. तो अमेरिकेत मिळतो कारण तिकडे जुन्या गाड्यांचं वेड मोठं आहे. आमचा आतेभाऊ तिकडे असतो, लग्नाला येणार होता, त्याच्या बॅगेत घातला. (हे अमेरिकेचं लक्षात ठेवा, पुढे त्याने घोळ घातलाय.)

काही जण सांगतात की जुना रेडिओ तसाच ठेवायचा आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये छोटा ब्लूटूथ अँप्लिफायर लपवायचा. वाईट कल्पना नाही, स्वस्तात होतं. पण मग आवाज कमी करायला प्रत्येक वेळी मोबाइल हातात घ्यायचा, आप्पांना ते जमणारं नव्हतं. आणि डॅशच्या खाली लोंबता ब्रॅकेट लावला तर चढउतार करताना गुडघ्याला लागतो, आमच्या काकांच्या जीपमध्ये अनुभव आहे.

सेट यायच्या आधीच मी मापं काढली, आणि यातली खोली ही गोष्ट सगळे विसरतात. तोंड बसतंय एवढंच बघतात, मागे जागा किती ते कोणी बघत नाही. डॅशच्या मागे स्पीडोमीटरची केबल, वायपरचा दांडा, काचेवर हवा सोडणारा पाइप, असं सगळं एकमेकांत घुसलेलं असतं. सेटची मापं आतेभावाकडून मागवून घेतली, बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा तेवढाच डबा केला, पाठीमागे प्लग येतात म्हणून दोन बोटं जादा धरली, आणि तो डबा खालून आत सारून बघितला. वायपर चालू केला तर दांडा पुठ्ठ्याला घासत होता! सेट आल्यावर हे कळलं असतं तर काय केलं असतं कोण जाणे. शाफ्टचा ब्रॅकेट एक खाच पुढे घेतला की सुटतंय असं दिसलं, मग निर्धास्त झालो. सीडी नसलेले सेट मागून आखूड असतात, त्याचा इथे फार फायदा झाला. सीडी तसंही आता कोण लावतं.

आता वायरिंग. खरं सांगतो, अशा कामात सेट बसवणं हे काम चार आणे आणि वायरिंग बारा आणे. आमचे वायरिंगवाले अण्णा या लायनीत तीस-चाळीस वर्षांपासून, डोळे मिटून फियाटचं हार्नेस, म्हणजे वायरींचं सगळं जाळं, सांगतील असा माणूस. पण त्यांची सवय जुन्या रेडिओची. बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि जुन्या वायरी बघायला सुरुवात केली तर सगळा इतिहासच बाहेर आला, कुठे पिळा मारून जोडलेल्या, कुठे टेप. आणि टेपचं खानदेशात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, मे महिन्यात ४४-४५ अंशात बंद गाडी उभी राहिली की डॅशचा पत्रा हात लावू देत नाही, टेपचा गोंद वितळून टेप घसरत जातो आणि तांबं उघडं पडतं, बोटाला नुसता काळा चिकटा लागतो. म्हणून सगळे जोड सोल्डर करून वर तापवून आवळणारी स्लीव्ह घातली, टेप अजिबात नाही. अण्णा म्हणे, "काही होत नाही रे भाऊ, आम्ही आयुष्यभर टेपच मारला." मी म्हटलं अण्णा, तोच टेप काढतोय आपण.

सेटच्या वायरींत पिवळी म्हणजे बॅटरीवरून कायमची, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी, काळी अर्थ, म्हणजे बॉडीला जोडायची. पिवळीतून खरा करंट जातो आणि घड्याळ, स्टेशनं लक्षात राहतात, लाल नुसती सेटला सांगते की ऊठ. बरेच जण दोन्ही एकत्र पिळून टाकतात. दोन्ही चावीवर टाकल्या तर दर वेळी सेट कोरा होतो, दोन्ही बॅटरीवर टाकल्या तर गाडी आठ दिवस उभी राहिली की धक्का मारायची वेळ येते. आमच्याकडे चावीच्या जुन्या वायरवर मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर १२.५ आणि इथे साडेअकरा, एक व्होल्ट वाटेतच गायब, पस्तीस वर्षांच्या टर्मिनलांनी खाल्लेला. लाल वायरीला तेवढं चालतं, म्हणून लाल तिथून घेतली. पिवळी मात्र नवी जाड वायर सरळ बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून आणली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज, आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि आतल्या जागेमधला पत्रा) जिथे आत घेतली तिथे ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं. फ्यूज बॅटरीजवळच पाहिजे, सेटजवळ असून उपयोग नाही, कारण मधे कुठे वायर पत्र्याला घासली तर आग त्या मधल्या वायरीला लागते. फियाटच्या मूळ फ्यूजबॉक्समध्ये ते चिनी मातीचे बुलेट फ्यूज असतात, पांढरा ८ चा, लाल १६ चा, त्यांना मी हातच लावला नाही, फक्त त्यांना धरणाऱ्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या. नारिंगी वायर पार्किंग लाइटला दिली, म्हणजे लाइट लावले की सेटचं तोंड मंद होतं, आणि रंग पिवळसर ठेवला म्हणून मीटरच्या उजेडात तो वेगळा उठून दिसत नाही.

यानंतर स्पीकर, आणि इथे आमचं आणि अण्णांचं वाजलं. जुन्या रेडिओत स्पीकरची एकच वायर यायची, दुसरी टोकाशीच बॉडीला जोडून टाकायची, बॉडी म्हणजेच परतीची वायर. अण्णांनी सवयीने स्पीकरचा निगेटिव्ह स्क्रूखाली घ्यायला स्क्रू ड्रायव्हर उचललासुद्धा. मी हात धरला. आजच्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकरची दोन्ही टोकं अँप्लिफायरवरच असतात, निगेटिव्ह म्हणजे अर्थ नव्हेच. ती बॉडीला लावली तर नशीब असेल तर सेट स्वतःला बंद करून घेतो, नसेल तर आतली आयसी जाते. अण्णांना तोंडी पटेना. मग सेट चालू करून, आवाज शून्यावर ठेवून, मल्टिमीटरची काळी तार बॉडीला आणि लाल तार स्पीकरच्या त्या 'निगेटिव्ह' वायरीला लावून दाखवली. सहाच्या आसपास व्होल्ट! बॅटरीच्या निम्मे. अण्णांनी मीटर माझ्या हातातून घेतला, दुसऱ्या वायरीवर बघितलं, तिथेही सहा, मग चष्मा वर करून म्हणाले, "अरे तिच्या, मग ही अर्थ कशी राहील." तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या गाड्यांतही दोन्ही वायरी वेगळ्या ओढतात, मी स्वतः पाहिलंय.

तर चारही स्पीकरला दोन-दोन नव्या वायरी. पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि त्याच रंगावर काळी रेघ असेल तो निगेटिव्ह, हे जवळजवळ सगळ्या सेटना सारखं असतं. पुढे दाराला भोकं पाडायची नव्हती, म्हणून चार इंची दोन स्पीकर पायापाशी, बाजूच्या पॅनलमागे, प्लायच्या चकतीवर. मागे सहा बाय नऊचे दोन लंबगोल, मागच्या काचेखालच्या फळीवर. मूळ फळी पुठ्ठ्याची, ती काढून माळ्यावर ठेवली आणि तिच्याच मापाची प्लायची केली, वर तसंच काळं रेक्झिन. कधी वाटलं तर जुनी परत बसते. खोक्यावर चार गुणिले पंचेचाळीस वॅट लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, बारा व्होल्टच्या गाडीत अशा सेटमधून खरे वीसेक वॅट येतात, आणि पद्मिनीएवढ्या डब्यात ते भरपूर होतात.

सगळं जोडलं, बॅटरी लावली, आवाज आला, सगळे खूश. गाडी स्टार्ट केली अन सुरू झालं, कूं कूं कूं, अॅक्सिलरेटर दाबला की वर चढतंय, सोडला की खाली उतरतंय. वर त्यात बारीक टक टक टक पण. आमच्या गाडीला बॅटरी चार्ज करणारा मूळ डायनॅमो काढून अल्टरनेटर आधीच टाकलेला होता, त्यामुळे आधी संशय त्याच्यावर गेला. दुकानात विचारलं तर म्हणे फिल्टर लावा, तीनशे रुपये. पण फिल्टर लावण्याआधी एक साधी गोष्ट करायची असते, ती म्हणजे सेटची अर्थ बघायची. आमची अर्थ डॅशच्या एका स्क्रूला होती, आणि त्या स्क्रूखाली रंगाचे निदान तीन थर. वायर तिथून काढून फायरवॉलच्या एका बोल्टखाली नेली, बोल्टभोवतीचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, टोकाला थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची टोपी) दाबलं, घट्ट आवळलं, वर थोडं ग्रीस. शिवाय इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी हिरवी पडलेली होती, ती नवी टाकली. कूं कूं तिथेच मेलं. फिल्टरचे तीनशे वाचले.

टक टक मात्र राहिली, आणि ती फक्त रेडिओवर, ब्लूटूथवर नाही. म्हणजे ती वायरीतून नव्हे, हवेतून येत होती, अँटेनातून. हे स्पार्कचं काम. कोणीतरी मधे प्लगला तांब्याच्या गाभ्याच्या साध्या वायरी टाकल्या होत्या, त्या प्रत्येक ठिणगीला छोट्या रेडिओ स्टेशनसारख्या बोंबलतात. कार्बनच्या, रेझिस्टन्सवाल्या वायरी टाकल्या आणि इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हला कंडेन्सर लावला. पॉझिटिव्हलाच हं, कॉइलच्या दुसऱ्या, पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट तोडणारा भाग) बाजूला जादा कंडेन्सर टाकला तर ठिणगीच बिघडेल. ऐंशी टक्के गेली टक टक, बाकी वीस टक्के बोनेट बंद केल्यावर ऐकू येत नाही.

अँटेना जुनाच, फेंडरवरचा ओढून लांब करायचा. गंमत म्हणजे त्याचा प्लग तोच, इतक्या वर्षांत बदललेलाच नाही, नव्या सेटमध्ये सरळ खट्‌ करून बसला. बुडाशी गंज होता तेवढा साफ केला, कारण अँटेनाच्या वायरीच्या बाहेरच्या जाळीला बॉडीची अर्थ मिळाली नाही तर मीडियम वेव्ह नुसती खरखरते.

आणि आता तो अमेरिकेचा घोळ. आप्पांना ब्लूटूथशी घेणंदेणं नव्हतं, त्यांना जळगाव आकाशवाणी पाहिजे होती, मीडियम वेव्हवर ९६३. मी बटण फिरवतोय, ९५०, ९६०, ९७०, मधे थांबायलाच तयार नाही. आप्पा मागच्या सीटवरून, "मंग इतका खर्चाचा डबा कशाला आणला?" मला घाम. मग उजेड पडला. अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झवर असतात, आपल्याकडे नऊ-नऊवर, ९६३ हा नवाच्या पाढ्यातला आकडा, त्यांच्या पायरीवर तो येणारच नाही. एफएमवर पण तिकडे १, ३, ५, ७, ९ अशी विषम दशांश असलेलीच स्टेशनं, आपल्याकडे समही असतात, तीही उडतात. सेट खराब नव्हता, त्याला अजून वाटत होतं आपण न्यू जर्सीत आहोत. मेनूत खोल कुठेतरी रिजन म्हणून असतं, ते बदलून युरोप केलं, सेव्ह केलेली स्टेशनं सगळी पुसली गेली पण ९६३ लागलं, बाजारभाव चालू होते. बाहेरून सेट मागवणाऱ्यांनी आधी हे बघा, नंतर अँटेनाला शिव्या द्या. आणि मीडियम वेव्ह ऐकायची असेल तर लायटरच्या सॉकेटातला तो स्वस्त मोबाइल चार्जर काढून ठेवा, त्याची भुणभुण सगळ्या बँडवर पसरते.

पहिली मोठी चक्कर पारोळा, एरंडोलवरून पद्मालयला. गणपतीचं दर्शन झालं, पार्किंगमध्ये एक जण खिडकीतून वाकून बघत होता, म्हणे काका जुना रेडिओ अजून चालतो का? मी मोबाइलवरून अहिराणी गाणं लावलं अन तो उडालाच. आप्पांना विचारलं आवाज कसा आहे, तर म्हणाले, "आते भारी वाजी राहिनं," आणि मग लगेच, "पण जरा कमी कर."

खर्चाचं विचाराल तर सेटच महाग, बाकी वायर, फ्यूज, प्लाय, रेक्झिन, अण्णांची मजुरी हे सगळं मिळून सेटच्या निम्म्यातही गेलं नाही. एक त्रास अजून आहे, स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं तेव्हा सेट क्षणभर जातो आणि परत उठतो, बॅटरी नवी टाकल्यापासून ते कमी झालंय. आणि सोबत आलेला फोनवर बोलायचा माइक मी अजून खोक्यातच ठेवलाय. पद्मिनी साठच्या वर गेली की समोरच्याला आपला आवाज जातच नाही, नुसता गिअरबॉक्स जातो, त्यापेक्षा गाडी बाजूला घेऊन बोललेलं परवडतं.